ओवाळायला पोरी लागतील

शुक्रवार, दुपारचे चार. आष्ट्यातल्या शाळेचं मैदान. हजर: संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्याबरोबरचे तिघे, माझ्या फुटबॉलच्या मुली आणि मी. माझं मानधन महिन्याला नऊ हजार. करार अकरा महिन्यांचा, दरवर्षी अध्यक्षांच्या सहीने नवा होणारा. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या सहीखाली घडलं.

दुसऱ्या दिवशी सांगलीत जिल्हा संघाची निवड चाचणी होती. शेवटच्या सरावासाठी मी पेनल्टी बॉक्सची रेघ मारत होते. अध्यक्ष ती तुडवत आत आले.

"बाई, ह्या रेघा पुसा. हितं मोठा एच काढा. उद्या पाव्हण्यांचं हेलिकॉप्टर उतरायचंय."

मग बरोबरच्यांकडे वळून म्हणाले, "ह्या आमच्या बाई. इंडियाकडनं खेळल्यात. आता आमच्याकडं चुना मारत्यात."

सगळे हसले. मुली ऐकत होत्या. मी रेघा पुसल्या. एच काढला.

"आन् ओवाळायला पोरी लागतील. नऊवारीत, ताटं घिऊन."

"साहेब, उद्या सकाळी चाचणी आहे."

"चाचण्या काय, फुडल्या वर्षी बी हायत. पाव्हणं रोज येत्यात व्हय?"

पुढच्या वर्षी माझ्या निम्म्या मुली वयाच्या अटीत बसणार नव्हत्या. हे अध्यक्षांना माहीत नव्हतं. सांगून उपयोगही नव्हता. मी मुलींकडे गेले आणि म्हणाले, "उद्या साड्या आणा." अडकलेलं माणूस हळू आवाजात बोलतं. मी तशीच बोलले.

प्राजक्ता माझी गोलकीपर. तिने ग्लोव्ह्ज काढता काढता विचारलं, "बाई, तुमी इंडियाकडनं खेळून आला, तवा तुमास्नी बी असंच हुबं केलंतं का?"

टोमणा नव्हता. पोरगी खरंच विचारत होती.

केलं होतं. रहिमतपूरला, माझ्या माहेरी. परदेशात खेळून आले म्हणून सत्कार ठेवला होता. मांडव, माइक, फेटे. शाल-श्रीफळ माझ्या वडिलांना दिलं. मला स्टेजवर बोलावलं ते ताट घेऊन, प्रमुख पाहुण्यांना ओवाळायला. अंगात देशाचा ब्लेझर. हातात निरांजन. पाहुण्यांनी ताटात नोट टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांसाठी. पेपरात फोटो आला, त्यात माझा फक्त हात.

माझ्याच सत्काराला मी ओवाळत होते. एवढी वर्षं ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगत आले. त्या दिवशी चौदा पोरी समोर होत्या. गंमत सुचली नाही.

"व्हय," मी म्हणाले. "केलंतं. साड्या ऱ्हाऊ द्या. बूट आणा. सकाळी साडेसहाला एसटी स्टँडवर."

सकाळी एक सोडून सगळ्या आल्या. प्राजक्ताबरोबर तिची आई होती.

"आवं बाई, सायबांचा माणूस दारात आल्ता. पोरगी पाठवा म्हनला."

"मग?"

"म्या म्हनलं, पोरगी न्हाई मिळायची. लयच नड असंल तर मी येती नऊवारी नेसून. घ्या म्हनावं ह्या थोबाडाकडनं ओवाळून."

मुली एसटीत तेच बोलून सांगलीपर्यंत हसत होत्या. माझा फोन वाजत होता. मी तो उचलला नाही. प्राजक्ता आणि आणखी एक, दोघींची निवड झाली.

सोमवारी अध्यक्षांनी बोलावलं. ओरडले नाहीत. "माफी लिहून द्या बाई. मग करार बघू. पोरींचे दाखलेबी मगच." निवड झालेल्या मुलींना जिल्हा संघाच्या शिबिराला शाळेचा दाखला लागतो. मुदत शुक्रवार.

घरी नवरा म्हणाला, "लिहून टाक गं. फौजेत मी दहादा लिहून दिली. कागदच हाय." तो वाईट माणूस नाही. घराचा हप्ता त्याच्या एकट्याच्या पेन्शनीत बसत नाही, हे मलाही पाठ आहे. मी कोरा कागद घेऊन बसले. लिहिलं तर दाखले मिळतील. मुली खेळतील. आणि त्यांना कळेल की बाईची मान खाली गेल्याशिवाय पोरीला मैदानात जाता येत नाही. पुढे त्यांचीही जाईल.

कागद कोराच ठेवला.

आज बुधवार. शाळेच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर मी आणि दोन्ही मुलींच्या आया बसलो आहोत. शनिवारचा दिवस कापून मानधन माझ्या खात्यात आलं आहे. त्यावर मी भांडणार नाही. दाखला मुलींचा आहे. त्या या शाळेत शिकतात, एवढंच त्यात लिहायचं असतं. त्यासाठी माझी माफी लागत नाही. आज मिळाला नाही तर उद्या इथेच बसू. उद्याही नाही मिळाला तर शुक्रवारी सकाळी शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात. करार जाणार, हे धरूनच बसले आहे.

मघाशी शिपाई बाहेर आला. खाली बघत म्हणाला, "बाई, सायेब म्हनत्यात, घरला जावा."

"त्यांना सांग," मी म्हणाले, "दोन सह्या करा. मग जाते."