पहिली सही

गंगाखेडच्या बसस्टँडजवळचा तो वेल्डर आखातात सहा वर्षं राबून आलेला. एकाच वाक्यात मराठी, हिंदी, नेपाळी बोलायचा. एकदा दुकानातलं काम अर्धवट टाकून तो माझ्या घरी आला; मी शाळेत इंग्रजी शिकवतो. आखातातला त्याचा मुकादम केनियाच्या एका कामगाराला रंगावरून शिव्या द्यायचा, दुप्पट राबवायचा. त्या मुकादमाविरुद्ध कंपनीकडे करायची तक्रार मी इंग्रजीत लिहून द्यावी, असं त्याचं म्हणणं होतं.

"तिथले नेपाळी, बंगाली, समदे सह्या करायलेत. पयली माझी घ्या, सर."

"पण तुम्हाला तिथंच परत जायचंय ना? व्हिसा अडकेल."

"अडकू द्या. मुकादम मला मारायलता, तवा तो केनियावालाच मधी पडला."

दोन महिन्यांत कंपनीनं मुकादमाला काढलं. वेल्डरचा व्हिसा मात्र आलाच नाही. तो कळवायला आला तेव्हा हसत होता. बरोबर वीटभट्टीवरचे चार परप्रांती मजूर होते.

"सर, मालकानं यांची मजुरी दाबलीय. आता यांचा अर्ज लिहा."