सुर्वेकाकांची तीन बोटं

गाडी बघायला गेले की सुर्वेकाका आधी शेवटच्या सीटवर जाऊन बसायचे. विकणारा बॉनेट उघडून इंजिनाचं गुणगान करत उभा, आणि हे मागे गुडघे छातीशी घेऊन, डोळे मिटून गप्प. "पुढची सीट सगळ्यांशीच गोड बोलते," म्हणायचे. "मागची खरं सांगते."

तीस वर्षं ते गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सुपरवायझर होते. निवृत्त होऊन मिरा रोडला आमच्याच विंगमध्ये राहायला आले. स्वतःची गाडी कधी घेतली नाही, पण सोसायटीत कोणीही गाडी घ्यायची म्हटलं की आधी काकांना दाखवायची, असा रिवाजच पडला. फी म्हणजे चहा आणि खारी. जीभ मात्र अशी की समोरच्याच्या घशाखाली खारी उतरू नये. हाटकेशला एका गाळ्यात सेकंडहँड गाड्यांचा व्यापारी होता. त्याच्या चकचकीत गाडीची चटई काकांनी उचलली, वास घेतला आणि चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "भाई, इसको बेचने का है की इसका तेरहवाँ करने का है?" गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली निघाली. काकांचं चुकत नसे, तीच तर पंचाईत.

आमची व्हॅन चौदा वर्षांची. आईला पॅरालिसिसचा झटका आल्यापासून तिला व्हीलचेअरवरून उचलून त्या व्हॅनमध्ये बसवायचं काम बाबांचं. दर रविवारी ते तिला आमच्या जवळच्या डोंगरी गावापुढे समुद्रावर न्यायचे. आठवड्यात तिला बाहेरचं वारं लागायचं ते तेवढंच. मला त्या गाडीची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? नवी मीच घेणार होते, पण बाबा ऐकेनात. म्हटलं, काकांच्या तोंडून वदवून घेऊ.

एका रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये तीन गाड्या उभ्या केल्या. आमची व्हॅन, आणि टेस्ट ड्राइव्हला मागवलेल्या दोन नव्या: एक सात सीटर, एक उंच एसयूव्ही. अर्धी सोसायटी खाली उतरली. काका तिन्ही गाड्यांत मागे बसून एकेक फेरी मारून आले. सात सीटरमधून उतरताना म्हणाले, "इथे माणूस बसत नाही, बॅग बसते." एसयूव्हीची पायरी बघितली, मग आईकडे बघितलं. "हिला यात चढवायला क्रेन आणशील का?" आई समोरच बसून ऐकत होती. मग आमच्या व्हॅनचं सरकतं दार त्यांनी दोनदा लावलं, उघडलं, खाली वाकून पाहिलं. "तळ बुटका, दार रुंद, सांगाडा ठणठणीत. हिला अजून पाच वर्षं मरण नाही."

बाबांचा चेहरा काय खुलला म्हणता. मी चिडले. "पण काका, डावी बाजू बघा ना, सगळी खरवडलीय," मी म्हटलं. कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे.

काकांनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "सगळे यंदाचेच," म्हणाले. मग बाबांकडे वळले. "कदम, जरा गेटकडे बघत उभे राहा." बाबा हसत उभे राहिले. काकांनी त्यांच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर तीन बोटं धरली.

"किती?"

"काय किती?" बाबा म्हणाले.

काकांनी बोटं हलवली. बाबा गेटकडेच बघत होते, काहीतरी गंमत चाललीय असं समजून. कोणीतरी फिस्सकन हसलं. ती मी होते.

"गाडी ठेव," काका मला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ड्रायव्हर भंगारात काढ. नाहीतर एक दिवस तुझ्या आईला घेऊन खाडीत जाईल."

बाबांनी खिशातून किल्ली काढली, आईच्या मांडीवर ठेवली आणि लिफ्ट असताना जिन्याने वर गेले. आठवड्याभरात डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं. डावा डोळा जवळजवळ गेलेला. वेळेवर आलात म्हणून उजवा वाचला, म्हणाले. काकांना मी हे कळवलं नाही. त्यांचं तोंड दिसलं की मला माझं ते हसू आठवायचं, आणि राग मात्र त्यांचाच यायचा.

यंदा काका अंथरुणाला खिळले. मुलगा परदेशात. त्यांना ठाण्याच्या हॉस्पिटलला न्यायला व्हॅनच सोयीची, आणि चालवणारी मी. मी पुढे बसवू लागले तर म्हणाले, "मागे ने." वाटेतलं चेणे गाव मागे पडल्यावर शेवटच्या सीटवरून आवाज आला, "बाबांच्या डोळ्यांचं काय निघालं गं? माझं चुकलं होतं का?"

हा माणूस आपलं चुकलं का असं विचारताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"हो," मी म्हटलं. "डोळे उत्तम आहेत त्यांचे."

आरशात बघितलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तसेच म्हणाले, "मग चांगल्या माणसाला उगाच खाली उतरवलं मी."

हॉस्पिटलमधून ते परतले नाहीत. बातमी आली तेव्हा बाबा आईला भरवत होते. चमचा त्यांनी ताटलीत ठेवला.

"त्या दिवसानंतर माझ्याच्याने बोलवलं नाही त्याच्याशी," म्हणाले. "तू नेलंस ना त्याला? सांगितलंस ना, त्याच्यामुळे माझा एक डोळा वाचला म्हणून?"

"सांगितलं," मी म्हटलं.