माझ्या उजव्या कानातलं घोड्याचं गाणं

वडशाच्या बाजारात रशीदभाईंचं लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या नाटक मंडळीचा बिघडलेला माइक घेऊन मी तिथं पहिल्यांदा गेलो, आणि अडकलो एका इंग्रजी गाण्यात! साठच्या दशकातल्या कुठल्याशा विलायती रॉकवाल्यांची रेकॉर्ड ते लावून बसले होते. शब्द त्यांना कळत नव्हते, मला तर मुळीच नाही. पण ढोल असा वाजत होता, जसा घोडा उधळला. म्हणून आम्ही दोघांनी त्याचं नावच 'घोड्याचं गाणं' ठेवलं. "अजून एक वेळ लावू का जी?" असं विचारत त्यांनी संध्याकाळ करून टाकली. माइक तिथंच विसरून मी माझ्या गावाची, सावलीची बस पकडली.

पुढे मी ऑर्गनवर आणि रशीदभाई साउंडवर, असे झाडीपट्टीतल्या नाटकांचे कितीतरी हंगाम आम्ही सोबत काढले. प्रयोगाआधी ते स्वतः मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत जात. "मागच्या बाईले ऐकू नाई आलं, तर नाटक झालंच नाई," हे त्यांचं म्हणणं. एकदा आमच्या नायकानं 'माझाच आवाज वाढवा' म्हणून हट्ट धरला. रशीदभाईंनी बटणाला नुसता हात लावला आणि "वाढवला जी" म्हणाले. नायक खूश, नाटक शाबूत! कुणाचा पाणउतारा करून काम साधणं त्यांना कधी जमलंच नाही.

मग मला तो मेला ताप आला. ताप उतरला, पण डावा कान घेऊन गेला. घरच्यांखेरीज मी कुणाला सांगितलं नाही. एक कान पुष्कळ झाला, अशी मनाची समजूत घालून हेडफोन लावला आणि आमचं घोड्याचं गाणं ऐकायला बसलो. ढोल येत होता, गायक गायब! अरे बाप्पा, उजवाही चालला का? बिनकानाच्या ऑर्गनवाल्याला कोण विचारतो?

सकाळच्या पहिल्या गाडीनं वडसा गाठलं आणि रशीदभाईंना सारं सांगितलं. त्यांनी मी सोबत नेलेला हेडफोन स्वतःच्या कानाला लावून ते गाणं ऐकलं आणि खो खो हसत सुटले. मला राग आला. "हसून काऊन राह्यले?" मी म्हणालो.

"कान नाई गेला तुझा, देवाजी. गाणंच असं आहे. त्या जमान्यात गायक एका बाजूले बसवत, ढोल दुसऱ्या बाजूले. तुझा गायक डाव्या कानात गाऊन राह्यला."

दोन्ही बाजू एकत्र केल्या, तर खिचडी झाली. ढोलाखाली गायक दबला. मग रशीदभाईंनी कॉम्प्युटरवर गाण्यातले आवाज वेगवेगळे काढले आणि पुन्हा मांडायला घेतले. पहिल्या खेपेला गायक असा बोंबलला की मी हेडफोन फेकला. सवयच ती, मंडपासाठी आवाज लावण्याची! त्याहून कहर म्हणजे, तपासायला म्हणून कानाला हेडफोन तसाच ठेवून ते दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत चालत गेले. "मागं कसं ऐकू येते पाह्यतो," म्हणाले. मग स्वतःच थबकले. आम्ही दोघं पोट धरून हसलो. आजारानंतर मी तेव्हा पहिल्यांदा हसलो.

शेवटी त्यांनी ढोल थोडा खाली घेतला, गिटारला बाजूला सरकवलं आणि गायकाला मधोमध जागा करून दिली. सगळी मंडळी एका कानात मावली. गायक आला, घोडाही दौडला, आणि मी त्यांच्या दुकानात बसून पोरासारखा रडलो. "आता हंगामाले येतो का नाई?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

आमच्या मंडळीत ऑर्गन उजव्या टोकाला बसतो, हा जुना रिवाज. म्हणजे बाकी सगळे वादक माझ्या बहिऱ्या बाजूला येणार. पहिल्या प्रयोगाला धाकधुकीतच पोहोचलो, तर माझी जागा डाव्या टोकाला मांडलेली! तबलजी कुरकुरला, मालक चिडले. रशीदभाई शांतपणे म्हणाले, "तिकडं वायर पुरत नाई जी." मालकांना माझ्या कानाचं कळलं असतं, तर त्यांनी दुसरा वादक पाहिला असता. वायरीचं हे एवढं भेंडोळं रशीदभाईंच्या खुर्चीखाली होतं. ते पायानं आत सरकवताना मी त्यांना पाहिलं. त्या प्रयोगात माझा एकही सूर चुकला नाही, आणि मालकांनी पुढचा हंगामही मला दिला.

रशीदभाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हे लिहितो आहे; मालकांनी वाचलं तर वाचोत. रशीदभाई, पंचाहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. गुडघे, डोळे आणि दोन्ही कान ठणठणीत राहोत. आणि मी वाजवतो आहे तोवर तुमची वायर अशीच कमी पडत राहो.