वहीत उतरवलेला पासवर्ड

मुलांनो, जुन्या इंदुरातल्या आमच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी संगणकावर घ्यायची म्हणून तुमच्या मामीने तिथे डेटाबेसचं सॉफ्टवेअर टाकलं. त्याने पहिला पासवर्ड स्वतःच तयार करून पडद्यावर दाखवला.

"आई, जसाच्या तसा उतरवून घ्या," मामी म्हणाली. मी वहीत सुवाच्य उतरवला.

पण लॉगिन काही होईना. समितीच्या बायका बघत होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "घाईत तुझंच काहीतरी राहिलं असेल. नेहमीचंच आहे."

मग तिने संगणकातली नोंद उघडून वहीशी ताडून पाहिली.

"आई, शेवटी कॉमा आहे. तुम्ही फुलस्टॉप दिलाय."

जन्मभर इंग्रजी शिकवलेली मी. ओळीच्या शेवटी स्वल्पविराम बघवला नाही, म्हणून मीच तो सुधारला होता. ते कबूल करायचं सोडून म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक."

"अरे, तो पहले बताना था ना, आई!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे सगळ्यात बारीक ओळही मी घडाघडा वाचली, आणि तिच्याकडे मात्र मला बघवेना.