पत्रकाला पत्ता नसतो

कापसाची ती वाईट वर्षं मी शेतकऱ्यांच्या मोर्चांची पत्रकं लिहिण्यात काढली. भाव, बोंडअळी, पंचनामे, पुन्हा भाव. सुरुवातीला लिहिताना जेवायची आठवण राहायची नाही. तिसऱ्या वर्षी 'जाहीर निषेध' लिहिता लिहिता मी चहात पोळी बुडवून खात होते. कागदावर राग पुरेपूर असायचा; आत काही हलायचं नाही.

आर्णीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गादीवाल्या चाचांचं दुकान होतं. कापूस पिंजायचं यंत्र, हातभर लांब सुई आणि चाचांच्या भुवयांवर कायमची बसलेली रुई. गावात फोमच्या गाद्यांचं काचेचं दुकान उघडलं, तशी त्यांची लग्नाची गिऱ्हाइकं आटली. यंत्र विकत मागायला एक जण येऊन गेला होता. चाचांनी त्याला जबान दिली : ही लग्नसराई पाहतो, नाही जमलं तर घेऊन जा. भाच्यानं त्यांना वेबसाइट काढून दिली होती, पण पान कोरंच. मजकुरासाठी ते माझ्याकडे आले.

"बेटा, तू मोर्चाचं लिहितेस ना? तसंच जोरदार माह्या दुकानाचं लिहून दे."

तसंच दिलं. 'कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला फोमच्या फेसावर झोपवण्याचं कारस्थान ओळखा!' इथून सुरुवात. मधे भाव, आयात, व्यापारी. शेवटी 'उठा, जागे व्हा!' आणि खाली, 'समस्त आर्णीकर'.

चाचांनी चष्मा वर करून वाचलं. "गादीच्या दुकानात लोकायले जागं काहून करून राह्यली?"

"लोकायले खरं कळलं पाहिजे, चाचा."

"बरं. तुले समजते. टाक."

पान खूप फिरलं. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या पोरांनी आवळलेल्या मुठींची चित्रं टाकून पुढे पाठवलं. दुकानात मात्र कुणी आलं नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही. पत्रक वाटलं की आमचं काम संपायचं.

एका दुपारी मी दुकानात बसले असताना एक गाडी थांबली. टपावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन फोमच्या गाद्या बांधलेल्या. मारेगावचे एक गृहस्थ उतरले आणि मोबाइल पुढे केला.

"हे तुमचंच का?"

चाचा म्हणाले, "हो, माह्यंच."

"अहो, दोन तास फिरून राह्यलो आर्णीत! याच्यात ना फोन, ना पत्ता. स्टँडवर एकाले गादीचं दुकान विचारलं, त्यानं काचेच्या दुकानात धाडलं. पोरीचं लग्न हाय, कुठवर फिरू? घेतल्या तिथूनच. आता चाय प्यायला थांबलो तर तुमची पाटी दिसली." मग मान हलवून म्हणाले, "पण लिहिलं कोणं? एक नंबर लिहिलं बॉ."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गृहस्थांना पाणी दिलं.

पत्रकावर आम्ही कधीच पत्ता टाकत नसू. पत्ता दिसला की पोलिस दारात. ती सवय मी एका गादीवाल्याच्या दुकानाला लावली होती. लोक उभे राहावेत म्हणून लिहिलं, पण कुठे येऊन उभे राहावं हे सांगितलंच नाही. आणि चाचांना वाटलं, शिकलेली पोरगी आहे, असंच लिहीत असतील.

"चूक माझी, चाचा."

"चाय पी."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्या बाकावर वही घेऊन बसले. येणारा काय विचारतो तेवढंच लिहायचं ठरवलं. जुनी गादी पिंजून देता का? किती वेळ लागते? घरची रुई चालते का? दिवसभरात तिघंच आले. त्यातला एक आर्णीत नवा होता, तो दवाखान्याचा रस्ता विचारून गेला.

त्यांचे प्रश्न आणि चाचांची उत्तरं, एवढंच पान केलं. 'जुनी गादी फेकू नका. तुमच्यासमोर पिंजून देतो. सकाळी टाका, संध्याकाळी न्या. घरची रुई चालते.' सगळ्यात वर दुकान कुठे आहे ते आणि चाचांचा मोबाइल. एकही उद्गारचिन्ह नाही. इतकं साधं मी शाळा सुटल्यापासून लिहिलं नव्हतं.

फोन येऊ लागले. पण तोवर लग्नाच्या तारखा सरल्या होत्या. "दोन-चार फोनांवर जबान मोडू का?" चाचा म्हणाले. टेम्पो आला, यंत्र गेलं. भिंतीवर त्याच्या मापाची पांढरी जागा उरली. मी रडेन असं वाटलं होतं. नाही रडले.

चाचा आता त्या काचेच्या दुकानात खोळी शिवतात. परवा भेटायला गेले, तर त्यांचा मोबाइल वाजला. "नाही बाई, मी बंद केलं. पण महागावात माह्या ओळखीचा हाय, चांगला पिंजते. लिहून घ्या नंबर."

"ते पान काढून टाकते, चाचा."

"काढू नको. रोज एखादा तरी फोन येते. त्याच्याकडे धाडतो."

घरी येऊन मी पान उघडलं आणि दुकानाच्या पत्त्याच्या जागी महागाववाल्याचा पत्ता नि फोन घातला. चाचांचा नंबर काढायचा होता. नाही काढला. त्या नंबरापुढे लिहिलं : विचारायचं असेल तर.