घरच्यांपुरती फीत

कापडे गावचा कोंडाजी सतरा वर्षं मुंबईत एका पारशी शेठच्या घरी कामाला होता. भांडी पुसणं, जेवण वाढणं, पाहुण्यांच्या छत्र्या सांभाळणं ही त्याची कामं. एकोणीसशे तीसच्या सुमारास त्यांत आणखी एकाची भर पडली. शेठने छोटा कॅमेरा घेतला. पोरांचे वाढदिवस, चौपाटीवरची फेरी, जे समोर दिसेल ते तो टिपायचा आणि रविवारी दिवाणखान्यात पडदा टांगून सगळ्यांना दाखवायचा. महाबळेश्वरच्या बंगल्यात वीज नव्हती, म्हणून दाखवायचं यंत्र त्याने हाताने चालणारं आणलं होतं. मूठ फिरवली की फीत सरके आणि आतला दिवाही पेटे. हात मंदावला की चित्र काळवंडे. शेठच्या पोरांचे हात पाच मिनिटांत दुखायचे. कोंडाजीचा हात मात्र जात्यासारखा एका लयीत चाले. घरचा बायस्कोप त्याच्याकडे आला तो असा.

पुढच्या उन्हाळ्यात शेठ महाबळेश्वराहून मोटारीने दासगावची खाडी बघायला निघाला आणि त्याने कोंडाजीला बरोबर घेतलं. घाट उतरला की कापडे वाटेवरच. मोटारीत पाणी घालायला तिथे थांबले, तेव्हा कोंडाजी भीतभीतच म्हणाला, "शेठ, माझं घर हितंच हाय."

शेठ कॅमेरा घेऊनच उतरला.

अंगणात कोंडाजीची बायको प्रयाग भात कांडत होती. तिची पाठ वाटेकडे होती. पाय वाजले म्हणून तिने वळून पाहिलं, तर टोपीवाला माणूस डोळ्याला डबी लावून उभा. तिने मुसळ टाकलं, पदर तोंडावर ओढला, तशीच मागे सरकली आणि पाय अडकून तुसाच्या ढिगात बसली. शेठ हसला. सोबतची माणसं हसली. दोन मिनिटांत सगळं आटोपलं, मोटार पुढे गेली आणि कोंडाजीला बायकोशी धड बोलताही आलं नाही.

जूनमध्ये फीत धुऊन आली. रविवारी पंधरा-वीस पाहुणे जमले होते. कोंडाजी यंत्रामागे उभा राहून मूठ फिरवत होता, आणि पडद्यावर त्याचं अंगण आलं. आपलं घर इतकं लहान असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. प्रयाग तुसात पडली तेव्हा दिवाणखाना हसून लोटपोट झाला. "पुन्हा, पुन्हा," कुणी तरी म्हणालं. कोंडाजीने फीत गुंडाळली आणि पुन्हा लावली. हात थांबवावा असं त्याच्या मनात आलं. हात थांबला नाही. त्या पावसाळ्यात ती फीत चार वेळा लागली, आणि चारही वेळा मूठ त्यानेच फिरवली.

श्रावणात गावाहून पत्र आलं. त्याची आई राहीबाई गेली होती. सावित्री नदीला पूर, बोटी बंद. तो पोचला तेव्हा दहावंही होऊन गेलं होतं. वरंधला दिलेल्या त्याच्या बहिणीला, रखमालाही, निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला. तेराव्याला ती सगळ्यांसमोर भावजयीला म्हणाली, "मुद्दाम उशिरा कळवलंस. जितीपणी तुमचं दोघींचं जमलं नाय, आता मेल्यावर तरी मला भेटू द्यायचं व्हतंस." प्रयाग पत्रावळी उचलायला वाकली. सासूला ती आत्या म्हणे, पण दोघींचं जमत नव्हतं हे खरंच होतं. त्यानंतर रखमा माहेरी आली नाही.

मुंबईला परतल्यावर कोंडाजीने शेठाणीसमोर उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. "बाई, ती कापड्याची फीत पाव्हण्यांना पुन्हा दाखवू नका. तिच्यात माझी आय हाय."

शेठाणी उठली. मग तिने कपाटातून फितीची डबी काढून त्याच्या हातात ठेवली, आणि शिमग्याला गावी जाताना यंत्रही ने म्हणाली.

शिमग्याला कोंडाजी यंत्र घेऊन आला, तशी गावभर बातमी झाली. शेजारचा गोमाजी म्हणाला, "देवळासमोर धोतर बांधू. समदा गाव बघंल."

"नाय," कोंडाजी म्हणाला. "ते घरच्यांपुरतं हाय."

गोमाजीला राग आला. पण कोंडाजीने ऐकलं नाही.

भर दुपारी त्याने माजघराची दारं लावली, फटींत गोणपाट कोंबलं. कपडे वाळवायच्या वळणीवर धुतलेलं धोतर ताणलं. आत प्रयाग आणि नऊ वर्षांची लेक शकू, दोघीच. मूठ फिरू लागली. प्रयागने आधी ओळखलं ते आपलं लुगडं, खांद्यावरच्या ठिगळावरून. स्वतःला पाठीमागून तिने कधी पाहिलंच नव्हतं. मग ती वळली, मागे सरकली, पडली. शकू खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली.

पुढचं प्रयागला ठाऊक नव्हतं, कारण तेव्हा तिचं तोंड पदरात होतं. घरातून राहीबाई बाहेर आली. आधी तिने सुनेकडे पाहिलं आणि तीही हसली, बोळकं तोंड उघडून. मग तिचं लक्ष डबीवाल्याकडे गेलं. हसू गेलं. ती चार पावलं चालत सुनेच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तिने आपला पदर आडवा धरला. शेठ बाजूला सरकला तशी तीही सरकली. शेवटी धोतरावर नुसता तिचा पदरच उरला आणि फीत संपली.

माजघरात अंधार झाला. प्रयाग म्हणाली, "हे आनखी कुणी बघितलं?"

कोंडाजीला खोटं बोलता आलं असतं. "शेठचे पाव्हणे. पंधरा-वीस जण."

"हसले?"

"हसले."

"आन तुमी?"

"मी मूठ फिरवत व्हतो."

ती उठली, दार उघडून गुरांकडे गेली. दिवसभर ती गोठ्यातच काम काढून राहिली. भाकरी मात्र तिने नेहमीसारखी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसून ती म्हणाली, "रखमाला बोलवा."

"तिचं तोंड बघायचं नाय म्हनत व्हतीस."

"मी म्हनले व्हते. पन तिची आय हाय ती. आमी बघावं आन तिनं नाय, असं कसं व्हईल?"

निरोप गेला. रखमा वरंधहून बिरवाडी, महाड करत दीड दिवसाने पोचली. ओटीवरच बसून राहिली, पाणीही घेईना. प्रयागने तिला हाताला धरून आत नेलं. दारं लागली. राहीबाई धोतरावर आली तेव्हा रखमा पुढे सरकली, इतकी की तिची सावली आईवर पडली आणि ती दचकून मागे झाली.

"दादा, पुन्हा लाव."

कोंडाजीने पाच वेळा लावली. त्याचा खांदा भरून आला, पण त्याने हात मंदावू दिला नाही.

शेवटी रखमा भावजयीला म्हणाली, "माझ्यासाठी आय कवा अशी उभी राहिली नाय."

"तुझ्यावर तशी येळ आली नसंल गो," प्रयाग म्हणाली. "आन मला आत्यानं ह्यातलं कवा सांगितलं पन नाय. मी आपली समजत व्हते, आतमध्ये बसून हसली आसंल."

"हसलीच की."

"हां. हसली."

त्या दोघी मग त्यावरच हसल्या आणि हसता हसता रडल्या. निरोप उशिरा का गेला, हे प्रयागने त्यानंतर सांगितलं: निरोप घेऊन निघालेले दोन गडी पुरामुळे नदीवरून परत फिरले होते. रखमाने ऐकून घेतलं. ती चार दिवस राहिली.

पुढे शेठने विजेवर चालणारं यंत्र घेतलं, त्यात जुन्या फिती बसेनात. शेठाणीने जुनं यंत्र कोंडाजीला देऊन टाकलं. मग दर शिमग्याला माजघराची दारं लागत. रखमा येई, तिची पोरं येत. गोमाजीला कधी बोलावलं नाही. त्याचा राग बऱ्याच वर्षांनी निवळला.

शकूचं लग्न दासगावात झालं. पहिल्या शिमग्याला जावई मुरारी सासुरवाडीला आला, आणि दारं लावायची वेळ झाली तशी समजुतीने ओटीवर जाऊन बसला. कोंडाजीने प्रयागकडे पाहिलं. हे ठरवणं आपलं नाही, हे त्याला एव्हाना कळलं होतं. प्रयागने हातातली परात खाली ठेवली, दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "भायेर कशापायी बसलात? आत या. आमच्या आत्याला बघा."