तळ्यातली माती

बेळ्ळंदूरला चहाच्या टपरीवर तो रोज दिसायचा. निपाणीकडचा माणूस. शेजारी त्याचा अवजड डंपर ट्रेलर रिकामा उभा असायचा. ट्रेलरच्या टायरवर थाप मारत तो फोनवर विचारायचा, "अण्णा, कुठं खोदकाम निघालंय काय?" बरेच दिवस भाडं मिळेना, तसा त्याचा आवाजही बसत चालला.

एका सकाळी मात्र तो खुशीत होता. आमच्या घरामागचं तळं बुजवून इमारती उठणार होत्या आणि भरावाची माती आणायचं काम त्याला मिळालं होतं.

मी घाबरून म्हणालो, "अहो, मग पावसाचं पाणी आमच्या घरात शिरेल की!"

"शिरंल की स्वल्प," तो समजुतीनं म्हणाला. "गाळ न्यायला मीच येतो. नंबर घ्या."

मी नंबर उतरवून घेतला.